सोयऱ्याच्या हातचा घास

आमच्या आश्रमशाळेत नवं पोरगं आलं की आम्ही त्याला नाव विचारत नसू. नाव काय, कोणीही कोणतंही ठेवतं. आम्ही विचारायचो, तुले किती देव? म्हणजे तुझं कूळ किती देवांना मानतं. ते सांगायचं सहा, नाहीतर सात, कधी चार, कधी पाच. तेवढ्यानं सगळं ठरायचं. मी सहा देवांची. म्हणजे सहा देवांचं प्रत्येक पोरगं माझा भाऊ, प्रत्येक पोरगी माझी बहीण, मग ती आर्वीजवळची असो की पार कारंज्याच्या डोंगरातली. सात देवांचे ते आमचे सोयरे. भावाशी भांडायचं, सोयऱ्याची टिंगल करायची, आणि पुढंमागं लग्न व्हायचं तर ते सोयऱ्यांतच. गोंडाच्या लेकराला हे शिकवावं लागत नाही. चालायला लागतं तेव्हाच त्याला कळलेलं असतं की कोणाच्या अंगणात कसं शिरायचं.

हे आमच्या नव्या गुरुजींना माहीत नव्हतं. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, तेव्हा ते मुख्याध्यापक म्हणून आले. सोबत त्यांच्या बायको, त्या पहिलीला शिकवत. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. गुरुजी वर्ध्याचे, अंगावर खादी, आवाज मोठा आणि मन साफ. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. चांगल्या माणसाशी भांडणं फार जड जातं, कारण तो आपल्या भल्यासाठीच आपलं नुकसान करत असतो.

एकदा हातपंपावरच्या रांगेत त्यांनी आमचा देवांचा हिशेब ऐकला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर अर्धा तास समजावलं की देव एकच आहे, असे चार-सहा मोजू नयेत. गोंडी बोलायलाही त्यांनी बंदी केली होती. तोंडातून गोंडी शब्द गेला की उठाबशा. मग आम्ही तोंड बंद ठेवून बोटं दाखवायला लागलो. एक पंजा आणि वर एक बोट म्हणजे सहा, दोन बोटं म्हणजे सात. गुरुजींना वाटलं पोरं आकडेमोडीचा सराव करतात. ते खूश झाले. आम्हीही खूश होतो.

खूश नव्हती ती माझी धाकटी बहीण. मी तेव्हा सहावीत आणि ती त्याच वर्षी पहिलीत आलेली. त्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, आमची आई तापानं गेली. बाबा मजुरीसाठी गावोगाव फिरणार, घरात मागं कोणी नाही, म्हणून शाळा उघडली तशी त्यांनी धाकटीलाही माझ्यासोबत आणून सोडली. शाळेत आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. घरी असताना ही पोरगी कोंबड्यांशीसुद्धा बोलायची. आता पंगतीत बसायची, ताटातल्या भाताची ढेकळं करायची आणि तशीच ठेवून द्यायची. मी बळंच दोन घास कोंबायची, त्यावर ती जगत होती. हातांच्या तर काड्या झाल्या होत्या.

बाईंनी पुष्कळ करून पाहिलं. मांडीवर घेतलं, गूळ दिला, चित्रं दाखवली. ती चित्राकडं बघायची, बाईंकडं बघायची आणि माझ्या परकराला धरून उभी राहायची. शेवटी गुरुजींनी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांच्या कानावर घातलं. सचिव म्हणाले, वर्ध्याला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे, ओळखीनं तिथं सोय होईल, पोळा झाला की मी जीप घेऊन येतो. मी गुरुजींना सांगितलं की ती मुकी नाही, उन्हाळ्यापर्यंत तिचं तोंड कोणाच्यानं बंद होत नव्हतं. गुरुजी मायेनं म्हणाले, ते डॉक्टर बघतील बाळ. आईला जाऊन चार महिने झाले नव्हते आणि आता ही चालली होती, जिथं आमची भाषा बोलणारं एकही माणूस नसेल अशा ठिकाणी. ती तिथं गेली तर जगणार नाही, असं मला तेव्हा पक्कं वाटत होतं. आजही वाटतं.

त्यातच राखी आली.

गुरुजींच्या मनात आलं की ही घर सोडून आलेली लेकरं, यांना कुटुंबाची माया मिळाली पाहिजे. तेव्हा सामुदायिक रक्षाबंधन करायचं. सचिव पाहुणे म्हणून आले. पटांगणात एका बाजूला मुलींची रांग, दुसऱ्या बाजूला मुलांची, दोन्ही उंचीप्रमाणे. समोर जो येईल तो तुझा भाऊ. बाईंनी रात्रंदिवस खपून रंगीत लोकरीच्या राख्या केल्या होत्या, फार देखण्या. माझ्या हातात ताट, ताटात कुंकू, राखी आणि साखर. आणि माझ्यासमोर आला तो सातवीतला उंच पोरगा. सात देवांचा. नुसता सात देवांचाच नाही, माझ्या आईच्या कुळातला. शाळेत त्या कुळाचा तो एकटाच होता.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. पोरगा घाबरला होता. मी ताट खाली ठेवलं.

गुरुजी जवळ आले, म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, "हा माहा भाऊ नाई, गुरुजी. हा सोयरा हाये. मी याले राखी नाई बांधत."

गुरुजींना वाटलं मी जातपात करते आहे. त्यांचा चेहराच पडला. सचिवांसमोर, सगळ्या शाळेसमोर, सहावीतली पोरगी माणसामाणसांत भेद करते. त्यांनी दोनदा शांतपणे सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढला. तेवढ्यात माझ्या शेजारच्या पोरीनं ताट खाली ठेवलं. तिच्यासमोरही सोयराच होता. मग पुढचीनं. ज्यांच्यासमोर नशिबानं भाऊ आले होते त्यांनी पटकन राख्या बांधून घेतल्या, आणि उरलेल्या आम्ही ताटं पायाशी ठेवून तशाच उभ्या राहिलो. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. मला आतून इतकं बरं वाटलं की भीती वाटायचीच राहून गेली.

भीती नंतर आली. गुरुजी म्हणाले, ज्या मुलीला या शाळेचे संस्कार नको असतील तिनं पेटी उचलून घरी जावं. बाबांना बोलावून घेण्यासाठी रोहण्याच्या बाजाराला जाणाऱ्या एका माणसाजवळ निरोप दिला. सचिव जीपमध्ये बसता बसता बोलले की बरंच झालं, थोरलीला बाप घेऊन जाईल आणि धाकटीला मी पोळ्यानंतर नेतो. म्हणजे मी घरी, ती वर्ध्याला. मी ताट खाली ठेवलं त्याची किंमत तिला भरावी लागणार होती. तरी ते ताट मला पुन्हा उचलावंसं वाटलं नाही. जे नातं नव्हतंच ते आहे म्हणून कसं सांगायचं?

बाबा आले ते एकटे नाहीत. सोबत आमचे चुलत आजोबा होते. आमच्या टोलीत, म्हणजे गोंडांच्या वस्तीत, कोणाचं लग्न, कोणाचं मयत, कोणाचं भांडण, त्यांच्याशिवाय उठत नसे. गुरुजींनी खुर्ची दिली. आजोबा खुर्चीला हात लावून पाया पडल्यासारखं करून खाली पायरीवरच बसले, आणि मग गुरुजीही खुर्चीवरून उतरून पायरीवर बसले. त्यांचं हे मला आवडलं, राग असूनही.

बाबा बिचारे हात जोडून माफीच मागत होते. आजोबांनी त्यांना गप्प केलं आणि गुरुजींना म्हणाले की पोरीनं काय केलं ते तुम्हीच सांगा. गुरुजींनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "सगळी माणसं भाऊ-भाऊ आहेत, एवढंच मी या मुलांना शिकवतो आहे. यात माझं काय चुकलं?"

आजोबा बोलले, "गुरुजी, आमच्यात मैत झाली तं भाऊ रडत बसतेत. थे सुतकात असतेत. खड्डा सोयरा खनते. पानी सोयरा आनते. घरच्याइले पैला घास सोयरा देते, तवा थे जेवतेत. तुमी समदेच भाऊ करून टाकले, तं आमाले जेवाले कोन घालन?"

भेद म्हणजे नुसतं दूर सारणं, एवढंच गुरुजींना ठाऊक होतं. कोणी कोणाच्या कामाला यावं म्हणून वेगळं असतं, ही गोष्ट त्यांच्या पुस्तकांत नसावी. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. माणूस विचार करतो तेव्हा किती वेगळा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आजोबांची नजर तेव्हा माझ्यामागं उभ्या असलेल्या धाकटीवर गेली. तिची दशा पाहून ते दचकले. असं काऊन झालं हे लेकरू, म्हणून त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी सांगितलं की बोलत नाही, जेवत नाही. आजोबा म्हणाले, "इची माय गेली तवा इले घास कोनं देल्ला होता?"

बाबा आठवायला लागले. मीही आठवायला लागले. आई गेली त्या दिवशी मामाकडचे सगळे आले होते. आम्हाला ओळीनं बसवलं होतं. बाबांना मामानं घास दिला, मला मामानंच दिला. धाकटी मात्र ओळीत नव्हती. तिलाही त्याच तापानं घेरलं होतं, आत घोंगडीवर पडली होती, बेशुद्धच म्हणा. सोयरे उठले, आपल्या गावी गेले. ती बरी झाली तेव्हा तिचं राहिलं आहे हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मग शाळा उघडली.

"राह्यलंच थे," बाबा म्हणाले, आणि पायरीवर बसून माझा बाप पोरासारखा रडला.

बाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या आंजीच्या, शेतकऱ्याघरच्या. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे तरी दुसरं काय आहे? माझे वडील गेले तेव्हा घरात चूल नव्हती पेटली. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकर आणली आणि आईच्या हातात कडू घास दिला. तोवर ती पाणी प्यायली नव्हती. हे लेकरू उन्हाळ्यापासून तसंच बसलंय हो. आणि आपण तिला मुकी ठरवलं."

गुरुजी उठले. त्यांनी आजोबांना एवढंच विचारलं की आता देता येईल का. आजोबा म्हणाले, घासाला उशीर होत नाही, पण सोयरा पाहिजे, आणि तोही तिच्या आईच्या कुळातला. मामाचं गाव दोन टेकड्या पलीकडं. निरोप जाऊन माणूस येईपर्यंत दोन दिवस जातील.

मी म्हटलं, शाळेत आहे ना.

त्या उंच पोराला वर्गातून बोलावलं. आजोबांनी त्याला कुळ विचारलं, देव विचारले. मग त्याची दोन्ही मनगटं उलटीपालटी करून बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू भाऊ म्हनून बांधली असती, तं याच्या हातचा घास चालला नसता."

आयुष्यात पुढं मला काही मानसन्मान मिळाले. एकदा हारही घातला लोकांनी. पण त्या एका वाक्याची सर कशालाच आली नाही.

पळसाचं पान आणलं. बाईंनी ज्वारीची भाकर आणि डाळ आणली. धाकटीला दाराकडं तोंड करून बसवलं. शाळा सुटली नव्हती, पण कोणीच वर्गात राहिलं नाही, सगळी पोरं लांब उभी राहून बघत होती. त्या पोरानं हात धुतले. भाकरीच्या तुकड्यात कडुनिंबाचं पान दुमडलं, डाळीत बुडवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. आजोबांनी त्याला काय बोलायचं ते हळूच सांगितलं आणि तो मोठ्यानं बोलला, गोंडीत, गुरुजींच्या देखत. तुझी आई देवांत मिळाली, आता तू जेव. एवढंच. गुरुजी हात जोडून उभे होते. त्यांनी कोणाला उठाबशा काढायला लावल्या नाहीत.

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. घास चावला. निंबाची कडू चव लागली तसा तिचा चेहरा वाकडा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तिनं आईला जी हाक मारली ती मला अजून ऐकू येते. उन्हाळ्यापासून आत अडकून पडलेली हाक होती ती. ती रडली, मी रडले, लांब उभी असलेली पोरं रडली. त्यांच्यातही कितीतरी जण असेच काही ना काही घरी टाकून आलेले होते. आजोबांनी कोणाला गप्प बसवलं नाही. रडणं संपल्यावर त्या पोरानं दुसरा घास दिला, गुळाचा. तिसरा तिनं आपल्या हातानं घेतला. अख्खी भाकर संपवली, आणि बाईंकडं तोंड करून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "डाळीत मीठ नाई."

बाईंनी बोट बुडवून चाटून बघितलं. खरंच नव्हतं. बाई हसतहसत मीठ आणायला धावल्या आणि चुलीपाशी बसून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

माझी पेटी उचलण्याचं पुन्हा कोणी बोललं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी आम्हाला पटांगणात सोडलं आणि सांगितलं की तुम्हीच एकमेकांना विचारा, कोण कोणाचं काय लागतं, आणि तसे बसा. इतके दिवस बोटांनी चाललेलं काम आता तोंडानं सुरू झालं. काय गोंधळ उडाला! चौथीतला एक काळाभोर पोरगा नात्यानं सातवीच्या दोन दांडग्यांचा आजा निघाला आणि लगेच त्यांना पाणी आणायला पिटाळू लागला. धाकटीला तर सात देवांच्या पोरींत तीन मावश्या सापडल्या, एक तिच्याच वर्गातली. संध्याकाळपर्यंत शाळेत एकही लेकरू असं उरलं नाही की ज्याचं तिथं कोणी नाही. मग गुरुजी जरा लाजत म्हणाले, आम्हा दोघांना कुठं बसवाल? त्यावर मोठं भांडण झालं. शेवटी आजोबांकडून निर्णय आला की गुरुजी सहा देवांचे आणि बाई सात देवांच्या, कारण नवरा-बायको सारख्याच देवांचे असून चालणार नाही. त्या दिवसापासून सात देवांच्या पोरांना गुरुजींची टिंगल करायचा हक्क मिळाला. त्यांनी तो पुरेपूर वापरला, आणि गुरुजींनी तो निमूट सोसला.

पुढं तीच शाळेची रीत झाली. लहान पोरं नात्यातल्या मोठ्यांशेजारी झोपायची, अंक आधी गोंडीत आणि मग मराठीत व्हायचे. जूनमध्ये नवं पोरगं आलं की पहिल्यांदा बाई विचारायच्या, घरी सगळे आहेत ना? ज्याच्या घरी मयत झालेलं असेल त्याला आधी शाळेतला सोयरा घास द्यायचा, पाटी नंतर. पळून जाणारी पोरं कमी झाली. दहाएक वर्षांनी मी स्वतः त्याच शाळेत शिकवायला लागले आणि कितीतरी घास माझ्या डोळ्यांसमोर दिले गेले. शिक्षणावर लोक मोठमोठं बोलतात, मीही बोलते. पण उपाशी दुःखाला पाढे येत नाहीत, हे मी एका पंगतीत शिकले.

पण तो पोळा सांगायचा राहिला. पोळ्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सचिवांची जीप खरंच आली. गुरुजींनी त्यांना कळवलं नव्हतं. मला वाटतं, मुद्दामच. धाकटी अंगणात पोरींमध्ये बसून मातीचे बैल करत होती. सचिवांनी तिला जवळ बोलावलं. मी धावत जाऊन शेजारी उभी राहिले, पण या वेळी तिनं माझा परकर धरला नाही. सचिवांनी चांगल्या शब्दांत विचारलं, बाळ, नाव सांगता येतं का? तिनं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. विचारलं नव्हतं तरी देव किती तेही सांगितलं.

सचिव चकित झाले. म्हणाले, "मग इतके दिवस बोलत का नव्हतीस?"

मातीचा हात फ्रॉकला पुसत ती म्हणाली, "माय गेल्यावर मले कोनी घास देल्ला नोता. आता देल्ला."

सचिवांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी शाळेत नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्यांना वऱ्हाडी येतं हे आम्हाला तोवर माहीतही नव्हतं. ते म्हणाले, "हो साहेब, आमचंच राह्यलं होतं. लेकरू आता आमच्याइथंच राहीन."

जीप रिकामी परत गेली. धाकटी तिच्या मागं फाटकापर्यंत धावली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत राहिली की शाळेत तिच्या तीन मावश्या आहेत.